उजव्या कोपराशी उभा माणूस

एकवीस वर्षं मी गोळीबाराच्या आवाजात नोकरी केली, पण स्वतः गोळी झाडली ती एकदाच. लोकांना हे खरं वाटत नाही. एखाद्या लग्नात कुणी विचारतं, "तुम्ही कुठे होतात कामाला?" मी "शूटिंग रेंजवर" म्हटलं की समोरच्या बाई खुर्ची जराशी मागे सरकवतात. मग मला सांगावं लागतं, की माझ्या टेबलावर बंदुकांपेक्षा कागदच जास्त असायचे.

मळवलीहून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडखाण आहे. तीन बाजूंनी कातळ आणि चौथ्या बाजूला भातखाचरं. ती खाण पाटणकरसाहेबांनी घेतली आणि तिथे रेंज काढली. कातळावर गोळी आपटली तर उलटून येते, म्हणून समोर दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध घातला. त्या बांधात गोळ्या जिरायच्या. माणसं यायची ती बहुतेक दोन प्रकारची. एक म्हणजे बँकांच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहणारे रखवालदार आणि दुसरे म्हणजे स्वसंरक्षणासाठी परवाना घेतलेले किंवा घेऊ पाहणारे लोक. परवाना हवा असेल तर हत्यार सुरक्षित कसं हाताळायचं याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. तो दाखला मी टाइप करायची. परवान्यावरचा नंबर आणि हत्यारावर कोरलेला नंबर जुळतो का ते बघायचं, किती काडतुसं आत गेली आणि झाडून झाल्यावर किती रिकाम्या पुंगळ्या परत आल्या ते लिहायचं, हे माझं रोजचं काम.

एक गंमत मी कायम बघितली. रिव्हॉल्व्हर निवडताना माणूस चार दुकानं पालथी घालतो, मुठीवरचं लाकूड कुठलं ते विचारतो. पण ते चालवायला शिकवणार कोण, हे विचारणारे एकवीस वर्षांत दहासुद्धा भेटले नाहीत. जो समोर येईल तो गुरू. म्हणून हे लिहायला बसले. शिकवणारा निवडण्यात मी स्वतः एकदा चुकले आहे, आणि एकदा नशिबाने बरोबर आले आहे.

आधी चुकीचं सांगते.

आमचे जुने प्रशिक्षक म्हातारपणामुळे गावी परतले आणि जागा रिकामी झाली. आलेल्या अर्जांत एका तरुणाचा अर्ज फार देखणा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. स्पर्धांतली पदकं, फोटो, इंग्रजीत छापलेलं ओळखपत्र. मुलाखतीला आला तेव्हा माझ्या टेबलावर नंबर तपासायला ठेवलेली एक दुनळी होती. त्याने न विचारता ती उचलली, खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरला. "बॅलन्स छान आहे," म्हणाला.

माझे सासरे पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करायचे. आम्ही सगळे त्यांना अब्बा म्हणायचो. त्यांच्याच ओळखीने मला ही नोकरी लागली होती. हत्यार हातात आलं की आधी उघडून आत बघायचं, मगच पुढचं बोलायचं, हे त्यांनी जेवताखाता माझ्या कानावर घातलेलं. त्यामुळे तो नेम धरलेला बघून हा माणूस नको, असं मला तिथेच वाटलं. पण पाटणकरसाहेब पदकं बघून खूश झाले होते. मी कारकून बाई. गप्प बसले.

मुलगा वाईट नव्हता. स्वतः नेम धरला की बघत राहावं असा होता. पण त्याचं लक्ष कायम स्वतःच्या नेमाकडे असायचं, शिकणाऱ्याच्या हाताकडे नाही.

दहा महिन्यांनी एका सकाळी बँकांचे सहा रखवालदार सरावाला आले होते. आमच्याकडे नियम होता की एका वेळी दोघांनीच झाडायचं आणि शिकवणाऱ्याने त्यांच्या मागे उभं राहायचं. त्या दिवशी सहाही जण ओळीत उभे केले होते, आणि आमचे प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला एका बांधकामवाल्या तरुणाला फोटोसाठी कसं उभं राहायचं ते दाखवत होते. ओळीतल्या एकाची बंदूक उडाली नाही. त्याने ती खाली घेतली आणि खटपट करायला लागला. ती जमिनीकडे उडाली. छर्रे दगडावर आपटून शेजारच्या माणसाच्या बुटात शिरले.

तो माणूस म्हणजे बबन तिकोने. कामशेतच्या बाजूचा, दोन मुलींचा बाप. मी पळत गेले आणि माझी ओढणी त्याच्या पायाला गुंडाळली. पायाची दोन बोटं गेली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेले तर तो छताकडे बघत पडला होता. मला म्हणाला, "बाई, मी लायनीतच उभा व्हतो ना?"

"हो बबनभाऊ. तुम्ही लाइनीतच होतात."

"मग कुणाचं चुकलं?"

त्या उत्तरातला थोडा भाग माझ्याकडे होता. कॅलेंडरवर नेम धरला त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर कदाचित बबनची बोटं शाबूत राहिली असती. त्याचं बंदुकीचं काम सुटलं. पुढे तो एका हॉटेलच्या आवारात गाड्या लावायला उभा राहायचा. मी त्या रस्त्याने जाताना रिक्षा थांबवून त्याच्याशी बोलायची. त्याने कधी कडू शब्द काढला नाही, आणि त्यानेच मला जास्त लागायचं.

चौकशी झाली आणि रेंज काही महिने बंद राहिली. तो तरुण सोडून गेला. पाटणकरसाहेब खाण विकायला निघाले होते, पण शेवटी एक दिवस मला बोलावून म्हणाले, "मुलाणीबाई, मागच्या वेळी मी पदकं बघितली. या वेळी माणूस तुम्ही बघा."

मी घरी येऊन अब्बांना विचारलं. तेव्हा ते थकले होते, खाटेवरच असायचे. ते म्हणाले, "कागद तर बघच. नुसता वाचू नकोस, ज्यांनी दिलाय त्यांना फोन करून विचार. टेबलावर एक हत्यार ठेव, रिकामं, आधी तू स्वतः तपासलेलं. आणि एकच प्रश्न विचार. तुम्ही शेवटचं कुणाला शिकवायला नकार दिलात?"

पहिल्या उमेदवाराचा दाखला ज्या संस्थेचा होता, ती संस्थाच अस्तित्वात नव्हती. फोन लागला तो एका झेरॉक्सच्या दुकानात. दुसरा माणूस खरा होता, अनुभवी होता. नकाराचं विचारल्यावर तो हसला. "नकार कशाला? जो येईल त्याला शिकवायचं. पुढे तो काय करतो ते त्याचं तो बघेल." मी त्याला चहा दिला आणि नमस्कार केला.

तिसरा आला तो गुडघ्यापर्यंत भिजून. आंदर मावळातल्या आपल्या वाडीवरून दोन तास चालत तो एसटीच्या रस्त्याला आला होता. बुटका, सडपातळ, मिशा पिकलेल्या, इस्त्रीचा जुना शर्ट. सोपान शेलार. फौजेत चोवीस वर्षं, त्यातली नऊ हत्यारं शिकवण्यात गेलेली. आदल्या दिवशीच मी फोनवर कागदांची खात्री करून घेतली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला. टेबलावर रिव्हॉल्व्हर होतं. त्याने हात लावला नाही, पण नजर तिथून हलेना.

"बाई, ही कुणी बघितलीय का उघडून?"

"मी बघितलंय. रिकामं आहे."

"मला दावता?"

मी काडतुसं भरायची चक्री बाहेर काढून दाखवली. त्याने वाकून पाहिलं. मग परवानगी मागून रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, नळी खिडकीबाहेर मोकळ्या बांधाकडे केली आणि सहाही घरांत करंगळी घालून बघितली.

मी मुद्दाम म्हटलं, "सांगितलं ना शेलारभाऊ, रिकामं आहे."

"सांगितलं की. तुमी खोटं न्हाई बोलत. पर डोळा चुकतो, म्हून बोटानं बी बघायचं."

मग मी अब्बांचा प्रश्न विचारला. त्याने ओशाळून खाली बघितलं.

"लय जणांस्नी न्हाई म्हनलोय. शेवटचा म्हंजी माझ्या साडूचा पोरगा. त्यानं इचारलं, काका, गोळी कुटं मारली म्हंजी केस व्हत न्हाई? मी म्हनलं, तू घरी जा. तवापासून साडू माझ्याशी बोलत न्हाई."

"आणि शिकवता कुणाला?"

"ज्याला भ्या वाटतं त्याला. भ्यालेला मानूस ऐकतो."

मी साहेबांना जाऊन सांगितलं, हाच.

शेलारभाऊ आले आणि रेंजवरचा आवाज कमी झाला. पहिले दोन दिवस शिकणाऱ्याच्या हातात काडतूस पडायचंच नाही. उघडून बघ, बंद कर, नळी बांधाकडे ठेव, बोट घोड्याबाहेर ठेव. फक्त एवढंच. लोक कंटाळायचे. एक हॉटेलवाले गृहस्थ रागावून म्हणाले, "मी काय पोरखेळ करायला आलोय?" शेलारभाऊंनी शांतपणे त्यांच्यासाठी फाटक उघडलं. तिसऱ्या दिवशी तळेगावचे एक वकील यायचे आणि कायदा समजावून द्यायचे. जिवावर बेतलं असेल, पळायला वाट नसेल, तेव्हाच गोळी, आणि तीही गरजेपुरतीच. त्या व्याख्यानानंतर काही जण परवान्याचा विचारच सोडून देत. शेलारभाऊंना त्याचा आनंद व्हायचा.

गोळीबार सुरू झाला की ते शिकणाऱ्याच्या उजव्या कोपराशी, अर्धं पाऊल मागे उभे राहायचे. एका वेळी एकच शिकणारा. त्यांचा डावा हात किंचित वर, मोकळा. पाऊस असो, ऊन असो, शिकणारा पहिल्यांदा आलेला असो की दहाव्यांदा, जागा तीच. मला आधी वाटायचं, फौजेतली सवय असेल.

त्यांनीच मला एकदा गोळी झाडायला लावलं. "आफिसात बसनाऱ्यानं बी एकदा केलं पायजे. त्याबिगर तुमाला तुमचा कागद कळायचा न्हाई." मी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर धरलं. बोट दाबलं तसा माझ्या दोन्ही हातांतून एक धक्का खांद्यापर्यंत आला, आणि समोर बांधातली मूठभर माती उडाली. इतकी मोठी गोष्ट इतक्या सहज होते, याचाच मला धसका बसला. संध्याकाळी भाकरी थापताना बोटं बघत राहिले. हेच बोट, आणि तेवढंच काम. त्या दिवसापासून दाखल्यावर शिक्का मारताना माझा हात जड व्हायचा, आणि तो तसा व्हायला हवाच होता.

नलिनीताई आल्या त्याच्या पुढच्या वर्षी. तळेगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय चौसष्ट. मळवलीला शेतघर बांधून नवराबायको राहत होते. एका दुपारी दोन माणसं पाणी मागायच्या निमित्ताने आत शिरली, दोघांना खुर्च्यांना बांधलं आणि घर धुऊन नेलं. नवऱ्याला रक्तदाबाचा त्रास होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या नावावर एक रिव्हॉल्व्हर होतं. ते आतल्या कपाटात कुलपात तसंच राहिलं. चोरांनाही ते सापडलं नाही. वर्षभर कागदपत्रं करून ते वारसाहक्काने ताईंच्या नावावर झालं.

"मला शिकवा," त्या शेलारभाऊंना म्हणाल्या. "त्या दोघांपैकी एक जरी पुन्हा दिसला तर मला चुकायचं नाहीये."

मी मान खाली घातली. नकार येणार हे मला ठाऊक होतं.

शेलारभाऊंनी विचारलं, "ताई, ते आत आलं तवा बंदूक हातात असती, तर काय झालं असतं?"

"मी मारलं असतं."

"ते दोगं. एक साहेबांच्या मागं हुबा. तुमी कुणाला मारलं असतं?"

ताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही. शेलारभाऊ म्हणाले, "राग हाय तोवर मी शिकवनार न्हाई. पर तुमाला त्या घरात एकटीला ऱ्हायचं हाय. चला, आधी घर बघू."

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. शेलारभाऊंनी बंदुकीकडे बघितलंही नाही. कडी कुठे नीट बसत नाही, बाहेरचा दिवा कुठून लागतो, शेजारच्या घरी आवाज जातो का, हे बघितलं. झोपायच्या खोलीला आतून भक्कम अडसर लावून घेतला. त्यांना काय करायचं ते सांगितलं. घरात कुणी शिरलं असं वाटलं तर त्या खोलीत जाऊन अडसर लावायचा, फोन करायचा, मोठ्याने तीनदा विचारायचं, कोण आहे? "आनि परत्येक वेळी थांबायचं, ताई. आपला आवाज बंद झाल्याबिगर दुसऱ्याचा ऐकू येत न्हाई. दाराआडनं गोळी मारायची न्हाई. पलीकडं कोन हाय ते गोळीला दिसत न्हाई."

ताईंनी ते सगळं वहीत लिहून घेतलं, शाळेतल्यासारखं, तांबड्या शाईने अधोरेखित करून. महिन्याभराने शेलारभाऊ मला म्हणाले, "आता शिकवतो. आता ताई त्या दोघांचं नाव काढत न्हाईत."

सहाव्या आठवड्यात ती सकाळ आली. मी खिडकीतून बघत होते. ताई उभ्या होत्या, शेलारभाऊ त्यांच्या कोपराशी. तीन गोळ्या नीट गेल्या. चौथ्या वेळी नुसता खट्ट आवाज झाला. गोळी सुटली नाही. ताईंना वाटलं काहीतरी बिघडलं. विचारायला म्हणून त्या मागे वळल्या, आणि त्यांच्याबरोबर हातही वळला. नळी आधी शेलारभाऊंच्या छातीकडे येणार, मग माझ्या खिडकीकडे.

शेलारभाऊ ओरडले नाहीत, झडपही घातली नाही. तो मोकळा डावा हात पुढे आला, ताईंच्या मनगटाखाली गेला आणि हात परत बांधाकडे नेऊन ठेवला. एखाद्या म्हातारीला रस्ता दाखवावा तसा. आणि तिथे पोचल्याबरोबर ती गोळी उडाली.

बांधातली माती खाली घरंगळत होती. मी पळत बाहेर गेले.

काडतुसातली दारू जुनी आणि सर्दलेली असली की कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. म्हणून नुसता आवाज झाला तर नळी समोर ठेवून थांबायचं असतं. ताईंना ते शिकवलेलं होतं, पण त्या क्षणी विसरल्या. काडतूस जुनं कुठून आलं, ते नंतर कळलं. नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात त्यांना चार काडतुसं सापडली होती. नियमाने ती पोलिस ठाण्यात जमा करायला हवी होती. त्यांतलं एक त्यांनी गुपचूप, सरावासाठी मोजून ठेवलेल्या ताटलीतल्या नव्या काडतुसांत मिसळलं.

"यांनी आणलेली होती," त्या म्हणाल्या. "एकदा तरी यांची गोळी..."

शेलारभाऊ म्हणाले, "बसा ताई. पानी घ्या. उरलेली तीन माझ्याकडं द्या."

त्यांचा हात बिलकूल कापत नव्हता. मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "भाऊ, तुम्हाला कसं कळलं ती वळणार?"

"न्हाई कळलं."

"मग?"

"मी तितं व्हतो, बाई. तितं हुबं ऱ्हायाचंच काम हाय माझं."

मी टेबलाशी परत येऊन बसले. रेंजवर आल्यापासून किती शिकणाऱ्यांच्या शेजारी हा माणूस त्याच जागी, तोच हात मोकळा ठेवून उभा राहिला होता. त्यातल्या एकाही दिवशी काही घडलं नव्हतं. काही घडत नसताना रोज तितकंच जागं राहायचं, ही ताकद माणसात कुठून येते, मला आजही कळलेलं नाही. मी मशिदी, देवळं, डोंगर, समुद्र पुष्कळ पाहिले. पण त्या दिवशी जसं माझं मन आपोआप झुकलं तसं फार थोड्या ठिकाणी झुकलंय.

संध्याकाळी ते माझ्याकडे घटनावही मागायला आले. स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ताटली मी शेवटी तपासली नाही. चूक माझी. सो. शेलार.' काडतुसं मोजून देणारी मी होते. मी त्याखाली माझंही नाव लिहिलं. आमच्या त्या वहीत आपली चूक आपण होऊन लिहिलेली ती पहिलीच नोंद. ती तीन काडतुसं दुसऱ्या दिवशी पोलिस ठाण्यात जमा झाली. ताईंनी स्वतः जाऊन कबुली दिली आणि तिथे जे ऐकून घ्यावं लागलं ते मान खाली घालून ऐकलं.

मग दोन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या सोमवारी फाटकात त्यांची गाडी दिसली. शेलारभाऊ काही बोलले नाहीत. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केलं. उघडून बघ. बंद कर. ताईंनी एका शब्दाने कुरकुर केली नाही.

त्याच वर्षीच्या भातलावणीत पाऊस चार दिवस हटला नव्हता. एका सकाळी नलिनीताई छत्री न घेताच ऑफिसात आल्या. मी शेलारभाऊंना आत बोलावलं. ताईंनी आदल्या दिवसाची हकिकत सांगितली.

तिन्हीसांजा होत्या. वीज गेलेली. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. खिडकीतून त्यांना दिसलं की डोक्यावरून काळं प्लास्टिक पांघरलेलं कुणीतरी हातात काठी घेऊन आवारात शिरतंय. दुपारी त्या मागच्या दाराला कडी लावायला विसरल्या होत्या. त्या आतल्या खोलीत गेल्या, अडसर लावला, रिव्हॉल्व्हर काढलं. फोनला रेंज नव्हती. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. मग पावलं. मग त्यांच्या खोलीच्या दारावर धडका बसायला लागल्या.

"मला तीच दुपार दिसत होती," ताई म्हणाल्या. "तीच माणसं वाटत होती. दार एवढं जवळ होतं, की डोळे मिटून मारलं असतं तरी लागलं असतं."

त्यांनी ओरडून विचारलं, कोण आहे? थांबल्या. नुसता पाऊस. पुन्हा विचारलं. थांबल्या. दारावरच्या धडका वाढल्या. त्यांचं बोट घोड्याकडे जायला लागलं, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तिसऱ्यांदा त्या सगळ्या ताकदीनिशी ओरडल्या आणि श्वास रोखून थांबल्या. तेव्हा पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला.

"ताई, मी सुंदरा. सासूला पान लागलंय. तुमची गाडी काढा वं."

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. सुंदरा शेजारच्या खाचरात लावणीला आलेली बाई. घराला हाका मारून मारून, कुणी ओ देत नाही म्हणून, उघडं दार बघून आत शिरलेली.

ताईंनी रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मगच दार उघडलं. म्हातारीला मागच्या सीटवर आडवी घालून, तसल्या पावसात चिखलाच्या रस्त्याने कामशेतच्या दवाखान्यात नेलं. रात्रभर तिथेच बसल्या होत्या. तिथून थेट आमच्याकडे आल्या होत्या.

सांगून झाल्यावर ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांच्या हातांना चिखल होता.

शेलारभाऊंनी विचारलं, "म्हातारी?"

"वाचली. मघाशी चहा मागितला तिने."

शेलारभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. छातीकडे नळी वळली होती तेव्हा ज्यांचा हात कापला नव्हता, त्यांची बोटं टोपीच्या काठावरून नुसती फिरत राहिली. बाहेर चार रखवालदार पावसात सरावासाठी थांबले होते.

"मुलाणीबाई," ते म्हणाले, "आज बंद ठेवू."

मी बाहेर जाऊन रखवालदारांना उद्या या म्हणून सांगितलं आणि फाटक ओढून घेतलं. परत आले तेव्हा दोघंही तशीच बसली होती. मी तिघांसाठी चहा टाकला.